विषाणू गेल्यावर यकृतात काय उरते?

यकृताच्या कर्करोगाची चर्चा बहुधा जनुकांतील उत्परिवर्तनांपासून सुरू होते, आणि त्यात गैर काही नाही. अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषामुळे, कर्करोग रोखणाऱ्या टीपी५३ जनुकाच्या २४९ व्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरी संकेतात) होणारा ठरावीक बदल आता पाठ्यपुस्तकांत पोहोचला आहे. मला मात्र अधिक विचार करायला लावतात ते एपिजेनेटिक बदल. त्यांत डीएनएचा क्रम जसाच्या तसा राहतो. कोणते जनुक चालू राहावे आणि कोणते बंद, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा तेवढ्या बदलतात.

गंमत अशी की, यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत परस्परविरुद्ध गोष्टी एकदमच घडतात. एकूण जनुकसंचातील मिथिलीकरण, म्हणजे डीएनएवर मिथाइल गट या रासायनिक खुणा जोडल्या जाणे, घटते, त्यामुळे एरवी दाबून ठेवलेले पुनरावर्ती भाग सक्रिय होतात आणि गुणसूत्रांचे स्थैर्य ढळते. त्याच वेळी पी१६ किंवा आरएएसएसएफ१ए यांसारख्या, पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांच्या प्रवर्तक (जनुक सुरू करणाऱ्या) भागांवर मिथाइल गटांची दाटी होते आणि ती जनुके शाबूत असूनही निष्क्रिय होतात. यांतील काही बदल गाठ दिसण्याच्या आधीच, सिऱ्हॉसिस (यकृतात व्रणासारखे तंतू साचून ते कडक होणे) झालेल्या ऊतींत आढळतात.

हे मिथाइल गट पुरवणारा रेणू म्हणजे एस-अ‍ॅडेनोसिलमिथिओनिन, आणि शरीरातील त्याचे बहुतांश उत्पादन यकृतातच होते. ते ज्या एमएटी१ए जनुकावर अवलंबून असते, त्याचे काम सिऱ्हॉसिसमध्ये मंदावते. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत आधी यकृताचे विकार आणि पुढे कर्करोग उद्भवतो. मिथाइल गट पुरवणाऱ्या कोलीन या अन्नघटकाचा अभाव असलेल्या आहारावर ठेवलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांना यकृतात गाठी होतात, असे १९४६ मध्येच नोंदवले गेले होते. त्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन असावे, अशी शंका पुढे घेतली गेली (आणि ती रास्तच होती), परंतु १९८० च्या दशकात शुद्ध घटकांचे खाद्य वापरून प्रयोग झाले, तेव्हाही गाठी झाल्याच. बाहेरून कोणतेही कर्करोगकारक द्रव्य न देता केवळ मिथाइल गटांच्या तुटवड्यातून कर्करोग होऊ शकतो, याहून बोलका पुरावा मला तरी ठाऊक नाही.

हिपॅटायटिस बी विषाणूचे एचबीएक्स हे प्रथिन मिथिलीकरण करणाऱ्या विकरांची पातळी वाढवते. हिपॅटायटिस सीची गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. आजच्या थेट विषाणूरोधक गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांतून हा विषाणू नाहीसा होतो, कर्करोगाचा धोकाही घटतो, पण पूर्णपणे संपत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, संसर्गाने हिस्टोन प्रथिनांवर (ज्यांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो) उमटवलेल्या काही खुणा विषाणू गेल्यानंतरही यकृतात टिकून असल्याचे दिसले. म्हणूनच सिऱ्हॉसिस असलेल्या रुग्णाने, विषाणू गेल्याचा अहवाल हाती आला तरी, दर सहा महिन्यांची सोनोग्राफी थांबवू नये.

या खुणा पुसता येतात, हे तत्त्वतः आशादायक आहे. मिथिलीकरण कमी करणाऱ्या अ‍ॅझासायटिडिनला अमेरिकेत २००४ मध्ये एका रक्तविकारासाठी मान्यता मिळाली. यकृताच्या कर्करोगात मात्र अशा औषधांबाबत मी सावध आहे, कारण ती निवडक जनुकांपुरती थांबत नाहीत. ज्या पेशींत एकूण मिथिलीकरण आधीच घटलेले आहे, तेथे ते आणखी घटवल्यास बंद पडलेली संरक्षक जनुके सुरू होतील, तशीच दाबून ठेवलेली घातक जनुकेही सुरू होऊ शकतील.