आमची वाटचाल : जीप मालकाच्याच अंगणात उभी राहते

नाशिक जिल्ह्यात जुनी जीप शोधायला फार लांब जावं लागत नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडे निघालं की एखाद्या वाड्यामागे, द्राक्षांच्या क्रेटांच्या ढिगाआड, ताडपत्रीखाली एखादी उभी दिसते. कुणाच्या आजोबांनी घेतलेली, कुणी लष्करी लिलावातून आणलेली, कुणी वणीच्या गडाखाली प्रवासी भरायला चालवलेली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या घराण्याच्या या गाड्या. पुढे सातपूरला महिंद्राचा कारखाना आला, इगतपुरीला इंजिनांचा आला, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप सातपूर-अंबड भागात उभी राहिली. आमचे वडील अशाच एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. मी सातपूर आयटीआयचा फिटर, धाकटा भाऊ डिझेल मेकॅनिक. जुन्या जीप पुन्हा उभ्या करण्याचा आमचा व्यवसाय या मातीतूनच उगवला, असं मी मानतो.

पहिलं काम दिंडोरीच्या एका बागायतदाराचं. त्यांची एमएम ५४०, म्हणजे महिंद्राची ऐंशीच्या दशकातली जीप, बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि ती टो करून शहरात आणण्याच्या स्थितीत नव्हती. मग आम्हीच हत्यारं घेऊन त्यांच्या खळ्यात गेलो. बॉडी उतरवली, चॅसी म्हणजे खालचा सांगाडा मोकळा केला, जे काम मशीनवरच होतं तेवढंच नाशिकला आणलं. ते बागायतदार दादा रोज संध्याकाळी बागेतून येऊन शेजारी बसायचे आणि महिन्याभरात आमच्याआधी त्यांचा हात पान्याकडे जाऊ लागला. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांना तिचा प्रत्येक बोल्ट माहीत होता. ती गाडी आजही पळते, आणि छोट्या कामासाठी त्यांनी आम्हाला कधी बोलावलेलं नाही. धंद्याच्या हिशेबाने हे तोट्याचं वाटेल. पण त्यांनी पाठवलेल्या गिऱ्हाइकांवरच आमची पुढची वर्षं गेली.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. गाडी मालकाच्या घरीच उघडायची. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, चॅसीचं सँडब्लास्टिंग ही कामं बाहेर होतात. बाकी सगळं अंगणात. जुन्या गाडीचं काम महिनोन्महिने चालतं. एखादा भाग मुंबईच्या कुर्ल्यातून, एखादा दिल्लीच्या काश्मिरी गेटहून यायचा असतो, तोवर गाडी सुटी पडून राहते. अंबडमध्ये भाड्याची शेड घेऊन अशा गाड्या साठवायच्या तर ते भाडं शेवटी मालकाच्याच बिलात जातं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही गाडी दर मोसमात हात मागते. मालकाला ती उघडता आली नाही, तर आम्ही कितीही चांगली बांधून दिली तरी पाच वर्षांत पुन्हा ताडपत्रीखाली जाते.

काम सुरू होतं ते गंजापासून. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या पाव हिश्श्याएवढा. गाडी कोणत्या बाजूला राहिली हे खालचा पत्रा बघून कळतं. फ्लोअरखाली वाकवलेल्या पत्र्याच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्या पोकळीत माती बसते आणि ओल धरून ठेवते. वरून रंग झकास, खाली पत्रा पापडासारखा. म्हणून आम्ही आधी लहान हातोडी घेऊन चॅसीवर ठोकत जातो. चांगल्या लोखंडाचा आवाज टणक येतो. कुजलेल्या जागी तो बसका होतो आणि खपली पडते. बॉडीवर लोहचुंबक फिरवतो. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. एका गिऱ्हाइकाने दुसरीकडून रंगवून घेतलेल्या जीपच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर जाडीची लांबी निघाली, आणि तिच्याखाली पत्राच नव्हता. कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्याला दुसरा पर्याय नाही. जोडाला आम्ही एका जागी सलग वेल्डिंग ओढत नाही. थोडं इथे, थोडं तिथे टाके देतो, नाहीतर तापून पत्रा ताणला जातो आणि लाटा येतात.

सर्वात जास्त तक्रार स्टेअरिंगची. खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं थरथरायला लागतात आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाहीत. लोक आधी व्हील बॅलन्सिंग करतात, मग टायर बदलतात. दोष बहुतेक वेळा पुढच्या ऍक्सलच्या टोकाला असतो. तिथे चेंडूसारखा गोल हौसिंग आहे, त्याच्या वरखाली किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्यांचे) बेअरिंग बसतात, आणि त्यांचा घट्टपणा शिम म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या घालून-काढून ठरतो. बेअरिंग झिजले की गोळा सैल होतो. आम्ही ऑइल सील न बसवता तो हाताने वळवून बघतो, मग स्टेअरिंग आर्मला ताणकाटा (ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा) अडकवून ओढतो. मॅन्युअलमध्ये दिलेला ताण येईपर्यंत एकेक शिम कमी-जास्त करायचा. जुन्या सीजे मॉडेलच्या जीपमध्ये मध्यभागी स्टेअरिंगचे दांडे जोडणारा बेलक्रँक असतो, त्याची पिनही सैल झालेली असते. हे काम आम्ही मालकाच्या हातून करून घेतो. ताणकाटा त्याच्या हातात, शिम त्याच्या हातात. एकदा त्या हाताला ‘बरोबर’ म्हणजे काय ते कळलं की पुढे दरवर्षी तो चाक जॅकवर घेऊन वरखाली हलवून बघतो आणि सैलपणा वेळेत पकडतो.

सुरक्षेच्या दोन गोष्टी मी प्रत्येक घरी पुन्हापुन्हा सांगतो, कारण नव्या गाडीच्या सवयीने जीप हाताळणं धोक्याचं आहे. पहिली हँडब्रेकची. या जुन्या जीपमध्ये तो मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या ऍक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं, हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. म्हणून समोरच्या चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी जायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर मी हे जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगतो. दुसरी ब्रेकची. सीजे ३बी सारख्या गाडीत चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर, एकच ऑइलचा मार्ग. एका चाकाच्या ब्रेक सिलिंडरचा रबरी कप गळला की चारही ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्याने सिलिंडर आतून गंजतो. दोन वर्षांनी ते बदलायचंच, गाडी चालवलेली असो वा नसो.

सीजे ३बीचं नाव निघालं म्हणून थोडं. तिचं बॉनेट उंच असतं, कारण आतलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच आहे. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. विलीजने ही गाडी १९५३ मध्ये आणली. आपल्याकडे शेतकऱ्यांनी पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात डिझेल इंजिनं बसवली आणि त्या काळी ते गरजेचंच होतं. आज मूळ इंजिन मिळालं तर आम्ही ते टिकवण्याच्या बाजूने असतो. त्यातली पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या जवळून जाते, एप्रिलच्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. नळी लांबून फिरवली की बरंच काम होतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या खराब होतात, आणि इथेनॉल पाणी ओढून घेत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणारे पडदे आणि नळ्या आम्ही आधीच बसवतो. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायला सांगतो.

छोट्या चुका मोठा खर्च करतात. गिअरबॉक्समध्ये मिळेल ते ऑइल ओतू नका, गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझरला जीएल-४ दर्जाचं ऑइल लागतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधलं ऑइल सीलमधून एकीकडून दुसरीकडे जातं, म्हणून दोन्हींची पातळी बघायची. डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असू शकतात. जोर लावून स्टड तोडण्याआधी त्यावरची खूण बघा. टायरचा आकडा ६.००-१६ ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावरही दिसतो, पण ते टायर जीपला लावू नका, ते रस्त्यावरच्या वेगासाठी नाहीत. फोर व्हील ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर टाकू नका, चिखलात आणि सुट्या मातीतच. पावसाळ्याआधी फ्लोअरखाली ग्रीस आणि रंग, पावसाळ्यानंतर सगळं धुऊन, हवा मारून वाळवणं, एवढा वर्षाचा नेम आम्ही कागदावर लिहून गाडीसोबत देतो.

कागदपत्रांचं काम आम्ही सुरुवातीला टाळायचो, आता तिथूनच सुरू करतो. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, खासगी आणि मूळ स्वरूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. ऐंशीच्या दशकातल्या एमएम ५४० ला अजून काही वर्षं थांबावं लागेल. त्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं नेहमीचं नूतनीकरणच. रुंद टायर, उंच सस्पेन्शन, नव्या घडणीची बॉडी, असं काही मागायला येणाऱ्या मुलांना आम्ही नकार देतो. काम सुटतं, पण ती गाडी पुढच्या तपासणीत अडकणार हे ठाऊक असताना पैसे घ्यावेसे वाटत नाहीत.

सध्या देवळालीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या बंगल्यात काम सुरू आहे. त्यांची नात बारावीची परीक्षा देऊन आली आणि कार्ब्युरेटर तिने एकटीने उघडून जोडला. पुढच्या वर्षापासून दिवाळीनंतर मालकांसाठी रविवारी ताणकाटा, शिम आणि ब्रेकचं प्रात्यक्षिक घेण्याचा विचार आहे, जागा आमच्याच घरामागची.

जीप घ्यायचा विचार असेल तर व्यवहाराआधी बोला. येताना आरसी बुक आणि चॅसी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा आणा, आणि तोवर त्या नंबराजवळ ग्राइंडर लावू नका.