सव्वा मूठ

काल मोठ्या जाऊबाईंचा फोन. रविवारी कानबाई बसणार, आमची खानदेशातली श्रावणातली देवी, तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला घेतले होते त्यांनी. "तुमच्याकडचं एकाचंच धरते ना गं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, आमच्यात पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात आणि आमच्या घरात पुरुष एकच.

पण मग ओटा पुसताना तेच, अंथरुणावर पडल्यावर तेच. एकाचंच. बरं त्यांचा आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याला उद्या अर्धाच लिटर टाक म्हणावं तसा. त्यांच्याकडे भाऊजी, दोन मुलगे, आता नातू. मला मुलगा नाही याचं मला कधी... जाऊ दे.

अमळनेरला होतो तेव्हा घरच्याच जात्यावर दळायचो, पुरणाचं पातेलं दोघींनी मिळून उचलायचं. मुठी तेव्हाही मोजत असतीलच, पण ढीग एकच दिसायचा. मग सातपूर-अंबडच्या कंपन्यांनी एकेकाला इकडे ओढलं. आता एक सिडकोत, एक पाथर्डी फाट्याला, आम्ही गंगापूर रोडला, एकाच नाशकात तीन गॅस. कानबाई सोडली तर तिघं भाऊ एका पंगतीला बसतात कधी? लग्नात, तेही हॉलवर, ताट हातात घेऊन उभ्याने.

वडिलोपार्जित इस्टेटीत मुलगी महाराष्ट्राने 1994 लाच धरली, देशाने 2005 ला. सव्वा मूठ गव्हात अजून नाही. हे म्हणाले, "अगं रोट आहेत ते, सातबारा नाही," आणि वर हसले. मला नाही हसू आलं. तिथेच बसून होते फोन आला तेव्हा, एक शब्द... असो.

जनगणनेत म्हणे एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब, नातं असो नसो. म्हणजे आमची लेक चिनू पुण्यात त्या तीन मैत्रिणींच्या कुटुंबात, आणि इकडे आम्ही दोघं, छोटा कुकर, त्यातलाही भात उरतो. आणि खरं सांगू का, रोट बाहेरच्या कुणाला द्यायचे नसतात, घरच्यांनीच संपवायचे, पौर्णिमेच्या आत. ह्यांची शुगर, माझी ॲसिडिटी. भांडून अजून एक वाटा मागून घेतला असता तर खाल्ला कोणी असता?

चिनूला सांगितलं तर म्हणते, मम्मी मला कुरिअर कर ना, एवढं काय. लग्न झालेल्या लेकीला चालत नाहीत, तिला अजून चालतात. सोमवारी गोदावरीवर विसर्जन झालं की भरते डबा. तिच्या लग्नाची घाई आता मलाच राहिली नाही.