तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या कॉफीतलं वाया जाणं कमी कसं करायचं?

घरी कॉफी करतो म्हटलं की हमखास विचारतात, एवढे फिल्टर पेपर, पाकिटं, रोजचा चोथा, हे कमी कसं करायचं? एकदाच नीट लिहितो.

चोथ्याचं नंतर बघू. आधी सिंकमध्ये किती कॉफी ओतली जाते ते बघा. 125 मिलिलिटरच्या एका कपामागे जगाच्या सरासरीने 130 लिटरच्या आसपास पाणी लागलेलं असतं, त्यातलं बहुतेक मळ्यात पडलेलं पावसाचं हे खरं, पण ती जमीन, ती तोडणी, ते भाजणं सगळं त्याच कपात असतं ना, मग पेपर वाचवून अर्धा मग गार झाला म्हणून ओतून दिला तर काय वाचवलं आपण? म्हणून माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे साधा वजनकाटा. 200 मिलिलिटर पाण्याला 12-13 ग्रॅम कॉफी, आणि पाणीसुद्धा लागेल तेवढंच मोजून उकळायचं.

दुधाची कॉफी पिणाऱ्यांनी सरळ साउथ इंडियन स्टीलचा फिल्टर घ्यावा. पेपर नाही, मशीन नाही, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेली दाट काळी कॉफी, उरलं तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी तेवढंच दूध तापवा. त्याच पावडरीवर परत गरम पाणी ओतून दुसरं डिकॉक्शन काढायची तमिळ-कन्नड घरांतली पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. पहिल्या वेळी कॉफीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्साच पाण्यात उतरतो, विरघळण्यासारखं असतं 30 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे दुसरं डिकॉक्शन पातळ पण पहिल्यात मिसळायला चांगलं. तिसऱ्यांदा मात्र नको, नुसता कडवटपणा येतो.

पेपरवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका. कॉफीतला कॅफेस्टॉल नावाचा घटक कोलेस्टेरॉल वाढवतो आणि पेपर तो बराचसा अडवतो, त्यामुळे ज्यांना तो त्रास आहे त्यांनी पेपरच वापरावा, चोथ्यासकट कंपोस्टमध्ये जातो तो. कॅप्सूल मात्र मला पटतच नाही, 5-6 ग्रॅम कॉफीसाठी दर वेळी एक ॲल्युमिनियमची नाहीतर प्लॅस्टिकची डबी!

पाकिटं प्लॅस्टिक आणि फॉइलच्या थरांची असतात, रिसायकल होणं अवघड. माटुंग्यासारख्या ठिकाणी समोर दळून देणारी दुकानं आहेत, तिथे आपला डबा न्या, देतात का विचारा, आणि पंधरा दिवसांपुरतीच घ्या, कारण दळलेली कॉफी लवकर शिळी होते आणि मग तीच फेकली जाते.

आता चोथा. कुंडीत जाड थर टाकू नका, वाळून पापुद्रा धरतो आणि पाणी आत जात नाही, कोवळ्या रोपांची वाढही खुंटते. सुक्या पानांत मिसळून कंपोस्टला घाला. कंपोस्ट नसेल तर ओल्या कचऱ्यात, पण सिंकमध्ये कधीच नाही, तेलकटाबरोबर पाइपात घट्ट बसतो.