गोवा, पांढरा शर्ट आणि काकांची फरशी

गोव्याला जाताना पांढरा शर्ट घेऊ नये. घेतलाच, तर खाणींच्या भागात, डिचोली-साखळीकडे घालू नये. मी दोन्ही केलं.

पहिले दोन दिवस कळंगुटला गेले. गर्दी, डीजे आणि एका शॅकवाल्याने कोळंबीचे लावलेले अवाच्या सवा पैसे, यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी मावशीकडे साखळीला गेलो. एका बंद खाणीजवळच्या रस्त्याने स्कूटर घेतली आणि पोहोचलो तो विटकरी रंगाचा होऊन. मावशीने दारातच रोखलं. "आधी न्हाणीघर. मग पाव-भाजी."

काका तीस वर्षं लोहखनिजाच्या खाणीच्या प्रयोगशाळेत होते. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. त्यांची नोकरी गेली, पण दगड घरातच राहिले. खिडकीच्या कठड्यावर, तुळशीपाशी, टीव्हीखाली. मावशीच्या मते घराचं गोदाम झालंय.

जेवण झाल्यावर काकांनी तीन काळे दगड माझ्यासमोर ठेवले. "सांग बघू, कोणता कोणता?" मला तिन्ही सारखेच दिसत होते. काका हसले आणि मोरीची उरलेली फरशी घेऊन आले. ती पालथी घातली. मागची बाजू खरखरीत, झिलई नसलेली. पहिला दगड तिच्यावर ओढला आणि काळ्या दगडाने चक्क लाल रेघ मारली! वाळलेल्या रक्ताच्या रंगाची. मी दगड हातात घेऊन पुन्हा ओढला. पुन्हा लाल.

"ह्याला कस म्हणतात. सोनार कसोटीवर सोनं घासतो ना, तसंच. हा हेमाटाइट. ग्रीकमध्ये हायमा म्हणजे रक्त." लोहाचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन, शुद्ध असेल तर वजनात सत्तर टक्के लोखंड. म्हणूनच मूठभर दगड हाताला एवढा जड लागतो. त्याची घनता पाण्याच्या पाचपट, तर साध्या गारेची पावणेतीनपटही नाही.

दुसऱ्याची रेघ काळी आली, आणि फ्रीजवरचा गणपतीचा चुंबक त्याला टपकन चिकटला. मॅग्नेटाइट. तेही लोहाचंच ऑक्साइड, फक्त अणूंचं प्रमाण वेगळं. तिसरा दक्षिण गोव्यातल्या सांगे बाजूचा. त्याची रेघही काळी, पण चुंबक ढिम्म, आणि माझी बोटं काजळी लागल्यासारखी. "मँगनीजचा. टॉर्चच्या सेलमध्ये काळी पूड असते ना, ती ह्याचीच."

मी शहाणपणा करत भिंतीतल्या जांभ्याच्या चिऱ्याकडे बोट दाखवलं. "मग हेही खनिज?" काका एकदम मास्तर झाले. जांभा हा खडक. त्यात लोहाची, ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, चिकणमाती, सगळी मिसळ. खनिजाला ठरलेलं रासायनिक सूत्र आणि अणूंची ठरलेली मांडणी लागते. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. मावशी मधूनच म्हणाली, "ह्यांच्यासारखा. रिटायर झाल्यापासून."

शर्टाचं सांगायचं राहिलं. साबणाने डाग हलेना, कारण ही लाल धूळ पाण्यात विरघळतच नाही. मावशीने लिंबू आणि जाडं मीठ चोळलं. काका म्हणाले, आम्लाने लोह थोडं सुटतं, पण हेमाटाइट हट्टी. मीठसुद्धा खनिजच, पण साधारण नखाएवढंच कठीण. थोडक्यात, एका खनिजाचा डाग काढायला मावशीने दुसरं खनिज लावलं होतं. डाग निघाला नाही, फिका गुलाबी झाला.

परतताना काकांनी हेमाटाइट बॅगेत कोंबला. बसमध्ये शेजारच्याने बॅग उचलून वर ठेवली आणि विचारलं, "काय हो, लोखंड भरलंय काय?"

मी म्हटलं, "सत्तर टक्के."