पाकिटावर ब्रँडीवाइन, झाडावर भलतंच

बियांच्या अदलाबदलीत मिळालेल्या 'ब्रँडीवाइन' टोमॅटोबद्दलचा संशय आज पक्का झाला. ब्रँडीवाइनची पानं बटाट्याच्या पानांसारखी, सरळ कडांची. माझ्या रोपांची पानं मात्र पहिल्यापासून दातेरी. एखादंच रोप असं निघालं असतं तर मधमाशीने दुसऱ्या जातीचे परागकण आणून संकर झाला म्हटलं असतं, कारण दातेरी पानाचा गुण प्रभावी, संकरात तोच दिसतो. पण इथे सगळीच रोपं तशी, आणि अगदी एकसारखी! म्हणजे मधमाशी निर्दोष, पाकिटांचीच अदलाबदल.

आज पहिलं फळ पिकलं. लांबट, लालभडक, गर घट्ट. साल सोलून उजेडात धरली तर पिवळसर. ब्रँडीवाइनची साल रंगहीन असते, म्हणून तर ते फळ गुलाबी दिसतं. शिवाय झाडं कमरेएवढी होऊन थांबलीत. ब्रँडीवाइन वाढतच राहतो. (उंच काठ्या उगाच रोवल्या!)

रोमा असावा. पण तशा दिसणाऱ्या जाती बऱ्याच, म्हणून नव्या पाकिटावर 'रोमासारखा, बुटका, नाव नक्की नाही' एवढंच लिहिणार. बिया देणाऱ्या ताईंना फोटो पाठवलेत. त्यांच्या 'रोमा'च्या पाकिटातून काय उगवलंय, हे कळायची जाम उत्सुकता आहे.