आमची वाटचाल : 12 इंची चौकोनाचं काम

आम्ही रेकॉर्डची कव्हरं करतो, पण आमची सुरुवात लेटरहेड, माहितीपत्रकं, डबे आणि लेबलं अशा कामांपासून झाली. माझ्या ताईला छापखान्याचा दांडगा अनुभव होता आणि माझं शिक्षण उपयोजित कलेचं. सुरुवातीची वर्षं हप्ते फेडण्यात गेली, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

आम्हाला आमचं काम सापडलं ते एका संगीत कंपनीमुळे. जुनी ध्वनिमुद्रणं त्यांना पुन्हा एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, आणायची होती. मूळ कव्हरांच्या फिल्म्स कधीच हरवल्या होत्या. हाताशी होती ती एकेक वापरलेली प्रत. आतल्या तबकडीच्या घर्षणाने पुढच्या बाजूला गोल वळ उमटलेला, कोपरे दबलेले, कणा फाटलेला. त्यावरून नवं कव्हर छापायचं होतं.

छापील कव्हर स्कॅन केलं की मूळ छपाईचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकतात आणि चित्रभर लाटांसारखी नक्षी उमटते. छपाईवाले तिला मोआरे म्हणतात. ती घालवायला ठिपके विरघळवावे लागतात, पण तसं केलं की अक्षरांच्या कडाही विरघळतात. म्हणून आम्ही चित्र आणि अक्षरं वेगळी केली. चित्राचे ठिपके सौम्य केले आणि अक्षरं एकेक करून नव्याने आखली. भिंगाखाली तासन् तास बसल्यावर बाकीच्यांना दिसत नाहीत अशा गोष्टी दिसायला लागतात. निळ्यावर काळी शाई कुठे चढवली आहे, रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हलल्याने पांढरी रेघ कुठे राहिली आहे, कोणता हिरवा हा मुळात पिवळा आणि निळा आहे, हे सगळं कळतं. तेव्हापासून कोणतंही काम हातात आलं की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हे करणाऱ्याकडे काय होतं?’

एखाद्या काळाची शैली म्हणून आपण जे ओळखतो, त्यात त्या काळच्या यंत्रांचा वाटा फार मोठा असतो, असं आमचं ठाम मत आहे. 1940 साली डिझायनर अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी चित्रांची कव्हरं सुरू केली. त्याआधी रेकॉर्डचे अल्बम बहुधा साध्या कागदी जिल्दीत, फक्त नाव छापून विकले जात. 1948 मध्ये एलपी आली आणि डिझायनरला सुमारे 12 इंचांचा चौकोन मिळाला. ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी रीड माइल्स यांनी 1967 पर्यंत जवळपास 500 कव्हरं केली. त्यातली कितीतरी काळा आणि आणखी एखादा रंग एवढ्यावर उभी आहेत. फ्रान्सिस वुल्फ यांचं छायाचित्र निर्दयपणे कापायचं, त्यावर एक रंग चढवायचा आणि उरलेल्या जागेत अक्षरांना मोकळं सोडायचं. रंग मोजकेच होते, म्हणून अक्षरांना चित्राचं काम करावं लागलं. अशी कव्हरं आम्ही नेहमीच्या चार शायांच्या ठिपक्यांनी छापत नाही. तो एक रंग स्वतंत्र शाई म्हणून घोटून घेतो, कारण ठिपक्यांनी बनवलेल्या निळ्याला तो भरीवपणा येत नाही.

पुढे नवे कलाकार यायला लागले. त्यांना ‘सत्तरीचा लुक’, म्हणजे 1970 च्या दशकाचा बाज, हवा असायचा. बरेच जण पिवळट कागद, ओरखडे आणि झिजलेल्या कडा मागतात. ते आम्ही करत नाही आणि त्यामुळे काही कामं सोडूनही दिली. झीज हा नंतरच्या वापराचा परिणाम आहे, तिला त्या काळची शैली कसं म्हणणार? 1973 साली पिंक फ्लॉइडच्या अल्बमचं, हिप्नोसिस या डिझाइन संस्थेने केलेलं काचेच्या लोलकाचं कव्हर दुकानात आलं, तेव्हा ते करकरीत नवं होतं.

सत्तरी खरी दिसते ती अक्षरांत. जुन्या छपाईतल्या शिशाच्या खिळ्याला, म्हणजे अक्षराच्या ठशाला, अंग असतं, त्यामुळे दोन अक्षरं एका मर्यादेपलीकडे जवळ आणता येत नाहीत. फोटोटाइपसेटिंगमध्ये अक्षर म्हणजे फिल्मवर पडलेला प्रकाश. तिथे ती बिलगवता येतात, एकमेकांवर चढवताही येतात. 1970 च्या आव्हाँ गार्द गॉथिकसारख्या टाइपांची ती घट्ट शीर्षकं यातूनच आली. आमच्याकडे अशा शीर्षकातली प्रत्येक जोडी हाताने जुळवली जाते. संगणकाने आपोआप दिलेलं अंतर चालत नाही.

कव्हर ही वस्तूही असते, हे ताईचं क्षेत्र. एका ग्राहकाला पुठ्ठ्यावर खरं धातूचं बक्कल हवं होतं. तिने त्याला रोलिंग स्टोन्सच्या 1971 च्या ‘स्टिकी फिंगर्स’चं कव्हर काढून दाखवलं. त्यावर खरी झिप होती आणि गठ्ठ्यात दाबली गेली की ती शेजारच्या तबकडीत रुतायची. शेवटी झिप अर्धी उघडून माल पाठवला गेला, म्हणजे दाब मधल्या लेबलवर येई. आम्ही बक्कल उठावाच्या छपाईत केलं. हात फिरवला की ते जाणवतं आणि तबकडीला धक्का लागत नाही.

नव्याने येणारी मुलं मोबाइलवरच्या नखाएवढ्या कव्हरांवर वाढलेली आहेत. त्यांना आम्ही आधी पूर्ण मापाचा पुठ्ठा, कात्री आणि कागद देतो. सोबत जॉय डिव्हिजनच्या 1979 च्या ‘अननोन प्लेझर्स’चं कव्हर समोर ठेवतो. त्यावर पल्सार या प्रकारच्या ताऱ्याच्या रेडिओ लहरींचा आलेख आहे. मूळ आलेख पांढऱ्यावर काळा होता, डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी तो काळ्यावर पांढरा केला. एवढ्याशा उलटापालटीने ते चित्र भिंतीवरही टिकतं आणि फोनवरही. या नव्यांपैकी दोघी आता स्वतंत्रपणे ग्राहक सांभाळतात.

सध्या एका जॅझ चौकडीच्या उघडझाप कव्हराचं, म्हणजे पुस्तकासारख्या उघडणाऱ्या कव्हराचं, काम सुरू आहे. डिझाइन दोन रंगांत बसलं आहे. कलाकारांना तिसरा रंग हवा आहे. ताई म्हणते, आधी दोन रंगांचं प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, काढून त्यांच्या हातात देऊ, मग बोलू. प्रूफ पुढच्या आठवड्यात निघेल.