कोर्लईच्या गडावर, भर पावसात

पावसाळ्यात कोर्लईला जाऊ नका, असं आम्हाला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. पायऱ्या निसरड्या, वर वारा उभं राहू देत नाही, आणि धुक्यात समुद्रही दिसत नाही. माझी मैत्रीण जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करते. ती म्हणाली, "अगं, पडकी भिंत कुठे गळते ते पावसातच कळतं. उन्हात सगळ्या भिंती धडधाकट दिसतात." मग जुलैतल्या एका शनिवारी पहाटेच निघालो.

पनवेल सोडताना नुसती रिपरिप होती, पेणच्या पुढे मात्र वायपरला सुधरेना. वडखळ, पोयनाड, अलिबाग, चौल. रेवदंड्यात रस्ता जुन्या पोर्तुगीज तटाच्या आतूनच जातो. तिथून बाहेर पडून कुंडलिकेच्या पुलावर आलो आणि उजव्या हाताला, खाडीच्या तोंडाशी, कोर्लईचा डोंगर दिसला. लांबट, अरुंद, अर्धा ढगात. दोन मिनिटांनी तोही गेला.

या खाडीच्या एका काठाला रेवदंडा आणि दुसऱ्याला कोर्लई. चौलच्या बंदरात शिरणारं प्रत्येक गलबत या दोन्हींच्या मधून जायचं. पोर्तुगीज रेवदंड्यात पाय रोवून बसले होते, म्हणून 1594 साली अहमदनगरच्या निजामशाहाने समोरच्या डोंगरावर बळकट किल्ला बांधायला घेतला. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी हल्ला करून तो घेतला. चौलचं टेकाड म्हणून त्यांनी त्याला नाव दिलं 'मोर्रो'. 'कॅसल कर्ल्यू' असंही एक नाव पुढे त्याला चिकटलं. वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत, 1739 मध्ये, चिमाजी अप्पांनी सुभानराव माणकरांना कोर्लईवर धाडलं, आणि 1740 साली गड मराठ्यांकडे आला.

गावातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता अगदी पाण्याला लागून आहे. मासेमारीबंदीचे दिवस, त्यामुळे होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या. दीपगृहामागून पायऱ्या चढतात. पायरीपायरीवरून पाणी उतरत होतं आणि त्यातून छोटे खेकडे तिरके पळत होते. आम्ही छत्र्या गाडीतच ठेवल्या होत्या, ते बरं झालं.

दरवाजातून आत शिरलो आणि वाऱ्याने तोंडावर पाणी फेकलं. डोंगराची धारच इतकी अरुंद की पश्चिमेच्या तटाशी उभं राहिलं तर खाली समुद्र आपटतोय, आणि थोडंसं चालून पूर्वेच्या तटाआड गेलं की एकदम शांत, खाली खाडीचं गढूळ पाणी. पश्चिमेला बोलायचं तर ओरडावं लागत होतं, पूर्वेला कुजबुजलं तरी ऐकू येत होतं. अशा जागी पहारा करणाऱ्यांचे पावसाळे कसे गेले असतील, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

लांबचं काही दिसायचा प्रश्नच नव्हता, म्हणून जवळचं पाहिलं. पडक्या चर्चमध्ये आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. छप्पर केव्हाच गेलंय, भिंती उभ्या आहेत. मैत्रिणीने एका भिंतीच्या कडेला हात लावून दाखवला. दोन्ही बाजूंना नीट घडवलेले दगड, मधे चुना आणि दगडगोट्यांची भर. "छप्पर गेलं की भिंतीचं डोकं उघडं पडतं," ती म्हणाली. "पाणी वरून आत शिरतं, चुना धुऊन नेतं. मग त्या पोकळीत पिंपळाचं बी पडतं." तिने दाखवलेल्या फटीतून पिंपळाचं मूळ उतरलं होतं, माझ्या मनगटाएवढं. त्याने दोन दगड इतके दूर केले होते की मधे माझा पंजा मावला. फटीच्या तळाशी चुन्याचा एक लगदा होता आणि त्यात शिंपलीचा तुकडा, अजून चकाकणारा. हे मूळ आता उपटायचं तर भिंतही येईल, आणि ठेवायचं तरी येईल. वेळीच, ते रोपटं बोटाएवढं असताना, कुणी काढलं असतं तर! मला फार वाईट वाटलं. त्याच भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेली नावं पाहून तर रागच आला.

जवळच महादेवाचं छोटं देऊळ आहे. चर्च आणि देऊळ एकाच पावसात भिजत होते. थोडं पुढे एका शिळेवर पोर्तुगीज अक्षरं आहेत. कोरडी असताना ती फारशी कळत नाहीत म्हणे, पण ओल्या दगडाच्या खाचांत पाणी साचलं होतं आणि बोट फिरवलं की अक्षराचं वळण लागत होतं. वाचता आलं नाही, पण बोटाला ती अक्षरं अजून आठवतात.

उत्तरेच्या टोकाकडे जायचा बेत पावसाने हाणून पाडला. खालचा दरवाजा दिसेनासा झाला तेव्हा मुकाट्याने परतलो.

कोर्लईत यायचं माझं खरं कारण गडाच्या खाली होतं. पोर्तुगीज गेले, पण इथल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून जन्मलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजारभर. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण शेजारच्या मराठीने तिची चाल बदलली, क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटाला आणून ठेवलं.

गावात शिरलो तेव्हा पुन्हा जोराची सर आली. एका ओट्यावर म्हातारी आजी नातवावर ओरडत होती. पोरगं पन्हाळीखाली उभं राहून भिजत होतं. तिचं बोलणं आम्हाला कळलं नाही, पोराला मात्र चांगलं कळलं, ते धावत आत गेलं. मग आमच्याकडे वळून तिने मराठीत विचारलं, "गडावर जाऊन आल्यात? बसा इथं, सर जाईस्तोवर."

आम्ही ओट्यावर टेकलो. आतून पोराने काहीतरी विचारलं, आजीने उत्तर दिलं, आणि मैत्रिणीने माझा हात दाबला. आम्ही दोघी वाक्याचा शेवट ऐकत होतो.